अण्णा, मिनियापोलिस आणि बंद पडलेला ब्रेक लाइट

आमचे अण्णा सोलापूर जिल्ह्यात चौतीस वर्षं पोलीस खात्यात होते. शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. २०२५ च्या मे महिन्यात ते आमच्याकडे शिकागोला आले, तेव्हा मी नायगारा, वॉशिंग्टन अशी नेहमीची यादी तयार ठेवली होती. अण्णांनी ती पाहिली, चष्मा काढला आणि विचारलं, "तो मानेवर गुडघा दिलेला माणूस, ते झालं कुठं? हितनं लांब हाय का?"

मिनियापोलिस शिकागोपासून साधारण साडेसहाशे किलोमीटर आहे. सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी होती, आणि पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड गेला त्या घटनेला रविवारी २५ मेला पाच वर्षं पुरी होणार होती. नवऱ्याने मंगळवारची रजा टाकली आणि नायगारा राहिला.

शुक्रवार, २३ मे

वाटेतलं विस्कॉन्सिन राज्य म्हणजे तासन् तास हिरवी कुरणं, लाल कोठारं आणि चीजच्या जाहिराती. एका थांब्यावर आम्ही चीज कर्ड्स खाल्ले. ताजे असले की ते दाताखाली चक्क चिरचिरतात. अण्णा म्हणाले, "खरवस बिघडल्यावानी लागतंय," आणि पिशवीतून शेंगाची चटणी काढली. चटणी लावल्यावर पुडा संपला.

त्यानंतर तासाभराने मागे लाल-निळे दिवे चमकायला लागले. नवऱ्याने गाडी कडेला घेतली. पुढच्या सीटवरच्या अण्णांनी काय करावं? पट्टा काढला, दार उघडलं आणि एक पाय खाली टाकला. आपल्याकडची रीतच ती. साहेबाने गाडी थांबवली की उतरून पुढे जायचं, बसल्या जागेवरून उत्तर देणं म्हणजे मस्ती. त्यात स्वतः पोलीस, म्हणजे दोन शब्द बोलून सुटू असाही हिशेब.

मागून एकच आवाज आला, "आत बसा!" मी वळून पाहिलं. तो पोरगा पंचवीस-सव्वीसचा असेल, गोरा, गोल चेहऱ्याचा. त्याचा उजवा हात कमरेला गेलेला होता. मी मराठीत ओरडले, "अण्णा, आत! पाय आत!"

पुढचं सगळं सौम्य होतं. डावा ब्रेक लाइट लागत नव्हता. त्याने परवाना पाहिला, लेखी ताकीद दिली, "सुट्टी छान जावो" म्हणाला. दहा मिनिटांत आम्ही सुटलो. अण्णा वीसेक मैल गप्प होते. मग म्हणाले, "त्याचा हात कमरंला गेला, बघितलास?"

"बघितलं."

"मी पांढऱ्या केसाचा म्हातारा."

ही टीप आधीच सांगायला हवी होती. आईवडील इकडे आले की त्यांना पहिल्याच आठवड्यात हे सांगून ठेवा. पोलिसाने गाडी थांबवली तर उतरायचं नाही. हात दिसतील असे ठेवायचे, चालवणाऱ्याने स्टीअरिंगवर. अंधार असेल तर आतला दिवा लावायचा. कागद काढायच्या आधी "काढू का?" म्हणून विचारायचं. मी हे सांगितलं नव्हतं, कारण आपल्याला त्याची गरज पडेल असं कधी मनातच आलं नाही. का आलं नाही, ते दुसऱ्या दिवशी थोडं थोडं कळत गेलं.

शनिवार, २४ मे

सकाळी नवऱ्याने दुकानातून बल्ब आणला, पण होल्डरच वितळलेला निघाला. गॅरेज तीन दिवस बंद. म्हणजे ब्रेक लाइट नसलेल्या गाडीतूनच फिरायचं होतं.

आम्ही आधी फाल्कन हाइट्सला गेलो. सेंट पॉलला लागून असलेलं हे छोटंसं उपनगर, मिनेसोटाची मोठी जत्रा जिथे भरते त्या मैदानाशेजारी. लार्पेंटर अॅव्हेन्यूच्या कडेला फिलँडो कॅस्टील याच्या स्मरणार्थ लहानशी बाग आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे चिटपाखरूही नव्हतं. बाजूने गाड्या वाहत होत्या. लायलॅकचा वास सगळीकडे होता, मेअखेरीस इथे त्याचे झुपके फुलतात.

फिलँडो ३२ वर्षांचा होता. सेंट पॉलमधल्या एका माँटेसरी शाळेत मुलांच्या जेवणाची व्यवस्था पाहायचा. कुठल्या मुलाला दूध चालत नाही, कुणाला दाणे चालत नाहीत, हे त्याला तोंडपाठ असायचं. ६ जुलै २०१६ च्या रात्री त्याची गाडी थांबवली गेली. गाडीत त्याची मैत्रीण होती आणि मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. आपल्याजवळ परवान्याचं पिस्तूल आहे हे त्याने आपणहून, सभ्यपणे सांगितलं. पुढच्या काही क्षणांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. मैत्रिणीने तिथूनच फोनवर थेट प्रक्षेपण सुरू केलं, म्हणून जगाला कळलं. वर्षभराने ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

अण्णांनी विचारलं, "थांबवलं कशापायी?"

ब्रेक लाइट. निदान सांगायचं कारण ते. वायरलेसवर मात्र पोलिसाने म्हटलं होतं, की चालवणारा एका दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतोय, त्याचं नाक रुंद आहे.

अण्णा नाकाला हात लावून म्हणाले, "नाकावरनं? असं धरायचं म्हटल्यावर आपलं निम्मं सोलापूर आत जाईल की." हसले नाहीत.

त्याआधी फिलँडोची गाडी निदान ४६ वेळा अडवली गेली होती आणि त्याच्यावर ६,००० डॉलरहून जास्त दंड बसला होता. बाहेरून पाहून पोलिसाच्या लक्षात येईल अशी चूक त्यातल्या फार थोड्या वेळांना होती. दंड थकला की परवाना निलंबित. निलंबित परवान्यावर गाडी चालवली की पुन्हा दंड. कामावर जायचं तर गाडी हवीच. सावकारी व्याजासारखं हे चक्र आहे. मी आदल्या दिवशीचा ताकिदीचा कागद पर्समध्ये जपून ठेवला होता, का ते माहीत नाही. तिथे उभी असताना त्याला हात लागला.

दुपारी सेंट पॉलमध्येच राँडो भागातून गेलो. 'गेलो' म्हणजे त्याच्यावरून गेलो. सेंट पॉलच्या कृष्णवर्णीयांची ही जुनी, नांदती वस्ती १९५६ ते १९६८ च्या दरम्यान मधोमध कापून तिथून आय-९४ महामार्ग नेला. आता एक छोटा चौक आहे, त्यात जुन्या राँडोच्या खुणा मांडल्यात. खाली गाड्यांची घरघर सतत चालू. आवर्जून जावं असं फार काही नाही, पण रस्त्यातच आहे. महामार्गावरून जाताना आपण कुणाच्या स्वयंपाकघरावरून चाललोय हे कळलेलं बरं.

जेवायला लेक स्ट्रीटवरचं मिडटाउन ग्लोबल मार्केट गाठा. ही सिअर्स या दुकानांच्या साखळीची जुनी अवाढव्य इमारत, आत मेक्सिकन, सोमाली, काय हवं ते मिळतं. मिनियापोलिसमध्ये सोमाली लोक भरपूर आहेत. त्यांचा सांबुसा अण्णांनी तोंडात टाकला आणि मान डोलावली, "समोसाच की, खिम्याचा." मग बोकडाच्या मटणाचा भात आला आणि त्यासोबत ताटात अख्खं केळं! केळ्याचा तुकडा भाताबरोबरच खायचा असतो. जावईबापूंनी तोंड वाकडं केलं, अण्णांनी दोन केळी संपवली. वाढणाऱ्या बाईने खूश होऊन वेलची-दालचिनीचा चहा फुकट पाजला.

रविवार, २५ मे

अडतिसावा रस्ता आणि शिकागो अॅव्हेन्यू यांचा चौक. गाडी चार-पाच गल्ल्या अलीकडे लावा आणि चालत जा. या दिवशी गर्दी असतेच, एरवीही चालत जाणंच बरं. आजूबाजूला साधी दुमजली लाकडी घरं, पुढे ओसरी, अंगणात टोमॅटोची रोपं. चौकाच्या मध्यभागी उंच, वर उगारलेली मूठ. आधी लाकडाची होती, आता लोखंडी आहे. समोरचा बंद पडलेला पेट्रोल पंप लोकांनी आपला कट्टा करून टाकलाय, तिथे बैठका होतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं नाव बदललंय. दुकानासमोर, रस्त्याच्या अगदी कडेला ती जागा.

शिकागो अॅव्हेन्यूच्या डांबरावर नावं रंगवली आहेत, पोलिसांच्या हातून गेलेल्यांची. एकाखाली एक, लांबच लांब. आपण नकळत त्यांच्यावर पाय देतो आणि दचकून बाजूला होतो. अण्णा तर चप्पल हातात घेऊन कडेकडेने चालले.

काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वीस डॉलरची नोट खोटी असल्याचा संशय, दुकानातून फोन, चार पोलीस. जॉर्ज फ्लॉइड पालथा, हातात बेड्या, आणि डेरेक शॉविनचा गुडघा मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ. डार्नेला फ्रेझर ही सतरा वर्षांची मुलगी चुलत बहिणीला घेऊन दुकानात आली होती. ती फोन धरून उभी राहिली, म्हणून ते दिसलं. तिला पुढे पुलित्झरचं खास सन्मानपत्र मिळालं. पण त्या रात्री पोलिसांनी काढलेल्या निवेदनाचं शीर्षक मला माहीत नव्हतं, ते तिथेच एकाने सांगितलं. पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय कारणाने इसमाचा मृत्यू, अशा अर्थाचं ते शीर्षक होतं.

मी ते अण्णांना मराठीत सांगितलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "म्हंजी एडी दाखल केली."

ए.डी., म्हणजे अकस्मात मृत्यू. लहानपणी घरी जेवताना हा शब्द मी शंभरदा ऐकलाय. विहिरीत पडलेला, साप चावलेला, झाडाला लटकलेला. सगळ्यांना पुरून उरणारा सरकारी शब्द. जगाच्या दुसऱ्या टोकाला तोच शब्द भेटेल असं वाटलं नव्हतं.

फुलं, टेडी बेअर, पत्रं, मुलांची चित्रं यांची काळजी घेणारी माणसं इथे आहेत. लोकांनी वाहिलेली कुठलीही वस्तू ते कचऱ्यात टाकत नाहीत, वाळवून, पुसून जपून ठेवतात. त्यांच्यातल्या सत्तरीच्या एक बाई ओल्या कागदाच्या घड्या उलगडत होत्या. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. मी विचारलं, की २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पोलीस खातं मोडून त्याजागी नवं सार्वजनिक सुरक्षा खातं आणण्याचा प्रस्ताव मतदानाला आला होता, तेव्हा तुम्ही काय केलं? म्हणाल्या, विरोधात मत दिलं. शहरातल्या साधारण ५६ टक्क्यांनी तेच केलं होतं. "माझ्या नातवाला पोलिसांनी मारू नये, आणि माझ्या दारात गोळीबार झाला तर पोलिसांनी यावं. दोन्ही मागते मी. एवढं अवघड आहे का?" त्यानंतरच्या काळात इथले पोलीस सुमारे नऊशेवरून सहाशेच्या खाली आले. त्यांच्या गल्लीत कुणी वेळेवर येत नाही ही त्यांची तक्रार, आणि आले की कसे वागतात हीसुद्धा.

मग त्यांनी अण्णांकडे पाहून विचारलं, "हे काय काम करायचे?"

मी जरा चाचरले. अण्णांना 'पोलीस' एवढा शब्द कळला होता. त्यांनी स्वतःच छातीला हात लावून सांगितलं, "पोलीस. थर्टी फोर इयर्स."

बाई घड्या उलगडायच्या थांबल्या. त्या दिवशी इथे चार जण होते, त्यांनी सांगितलं. शॉविन अनुभवी, नव्यांना शिकवणारा. दोघं तर नोकरीला लागून जेमतेम काही दिवसांचे. त्यातल्या एकाने दोनदा विचारलं, याला कुशीवर वळवू या का? नाही म्हटल्यावर गप्प बसला. शॉविनला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली, बाकीच्या तिघांनाही तुरुंगवास झाला. "यांना विचार," त्या मला म्हणाल्या, "कधी आपल्याच माणसाचा हात धरला का? 'बस झालं' म्हणाले का?"

मी भाषांतर केलं. सासरी-माहेरी इतकी वर्षं दुभाषेगिरी केली, इतकं जड वाक्य कधी उचललं नव्हतं.

अण्णा म्हणाले, "न्हाई."

बाईंना भाषांतराची गरज पडली नाही. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, अण्णांना बसवलं आणि ओल्या कागदांचा एक गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. पुढचा अर्धा तास दोघं न बोलता घड्या उलगडत होते. पलीकडे पंपावर चर्चमधली गाणी सुरू झाली होती, कुणीतरी मक्याची कणसं भाजत होतं.

(जाणाऱ्यांसाठी: फोटो काढायला हरकत नसते, पण त्या जागेपुढे सेल्फी काढू नका. माणसांचे फोटो विचारून काढा. चौकातून गाड्या जाऊ द्यायच्या की तो फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवायचा, यावर आम्ही गेलो तेव्हा पाच वर्षं वाद चालू होता. या विषयावर तुमचं मत नसलेलंच बरं. सदतिसाव्या रस्त्याजवळच्या गवतावर पोलिसांच्या हातून गेलेल्यांच्या शंभराच्या आसपास पांढऱ्या प्रतीकात्मक कबरी आहेत, तिथपर्यंत जरूर चाला.)

तिथून दक्षिणेला आठ गल्ल्या चालत गेलं की ४६०० कोलंबस अॅव्हेन्यू लागतं. पांढरंसं, साधं, टुमदार घर. बाहेर फलक नसता तर लक्षही गेलं नसतं. १९३१ मध्ये आर्थर आणि ईडिथ ली या कृष्णवर्णीय दांपत्याने हे घेतलं. आर्थर पहिल्या महायुद्धात लढलेला, टपाल खात्यात नोकरीला. 'गोऱ्यांच्या' वस्तीत आले म्हणून हजारोंचा जमाव रोज संध्याकाळी अंगणासमोर जमायचा, दगड मारायचा. लीना स्मिथ या वकीलबाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. ली कुटुंब हललं नाही. पण दोनेक वर्षांनी शेवटी गेलंच. या शहरात त्या काळी कितीतरी घरांच्या खरेदीखतातच लिहिलेलं असे, की हे घर गोऱ्यांखेरीज कुणाला विकायचं नाही. एका विद्यापीठ प्रकल्पाने अशी हजारो खरेदीखतं शोधून नकाशावर मांडली आहेत. मला इतके दिवस पोलीस आणि घरं हे दोन वेगळे विषय वाटायचे. आधी कुणी कुठे राहायचं ते ठरवायचं, मग त्या वस्तीत 'संशयित' फार म्हणून गस्त वाढवायची! २०१० ते २०२० या काळात मिनियापोलिस पोलिसांनी नोंदवलेल्या बळाच्या वापरात ६३ टक्के वेळा समोरचा माणूस कृष्णवर्णीय होता, आणि शहरात ते १९ टक्के. राज्याच्या मानवी हक्क विभागाचा २०२२ चा अहवाल हे सांगतो.

रात्री हॉटेलच्या पार्किंगमध्ये अण्णा फेऱ्या मारत होते. मी खाली गेले. त्यांनी आपणहून सुरुवात केली. ते नवीन असताना तालुक्याच्या एका ठाण्यात होते. कुठं चोरी झाली की पहाटे जीप काढायची आणि पारध्यांच्या पालांवर जायचं. कोण सापडेल ते आणायचं. "नाव इचारायच्या आधी जात ठरल्याली असायची." इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात तर त्यांना काटेरी तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, सेटलमेंट म्हणतात ती. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, अण्णांच्या जन्माच्याही आधी. "तार काढली, पर जीप तीच रस्त्यानं जायची."

एका पहाटे आणलेल्या पोराची आई ठाण्याच्या पायरीवर बसली होती. दुपारी तिने अण्णांकडे प्यायला पाणी मागितलं. अण्णांनी दिलं. आत काय चाललंय ते दोघांनाही ऐकू येत होतं. "पाणी दिलं म्हणून इतकी वर्सं मला बरं वाटायचं," अण्णा म्हणाले. पोराचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

सोमवार, २६ मे

डुलुथला अडीच तास लागतात. मिनियापोलिसमध्ये हाफ शर्ट, डुलुथमध्ये स्वेटर. सुपीरियर सरोवरावरून धुकं येतं आणि मेमध्येही दात वाजतात, जॅकेट न्याच. सरोवर कसलं, समुद्रच. फक्त खारा वास नाही. उचलला जाणारा लोखंडी पूल, त्याखालून जाणारी जहाजं, धुरावलेल्या माशाचं सँडविच, हे सगळं झकास.

शहरात फर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, जिथे घटना घडली त्याच्या समोरच, तीन तरुणांचे ब्राँझचे पुतळे भिंतीत उभे आहेत. एलियास क्लेटन, एल्मर जॅक्सन, आयझॅक मॅगी. वयं विशीच्या आसपास. १९२० च्या जूनमध्ये सर्कशीबरोबर आलेले मजूर. एका मुलीवर अत्याचाराचा आरोप झाला, डॉक्टरच्या तपासणीत काही निघालं नाही, तरी १५ जूनच्या रात्री हजारोंच्या जमावाने तुरुंग फोडून तिघांना दिव्याच्या खांबाला फाशी दिलं. पोलिसांना वरून हुकूम होता, बंदुका चालवायच्या नाहीत. पाण्याचे फवारे मारले, तेही जमावाने हिसकावून घेतले. नंतर त्या फोटोची पोस्टकार्डं विकली गेली. याच प्रकरणात शिक्षा झालेल्या मॅक्स मेसनला मिनेसोटाने मरणोत्तर माफी दिली ती १२ जून २०२० ला, फ्लॉइडनंतर तीन आठवड्यांच्या आत. शंभर वर्षांची फाइल हलायला अठरा दिवस पुरले.

अण्णा पुतळ्यांपुढे सावधानमध्ये उभे राहिले. सलाम केला नाही. थोड्या वेळाने माझं जॅकेट मागून घेतलं, थंडी वाजतेय म्हणाले.

मंगळवार, २७ मे

निघण्याआधी मिनियापोलिसमध्ये एक गॅरेज उघडं सापडलं. चार दिवसांत कितीतरी पोलीस गाड्या आमच्या मागून-पुढून गेल्या होत्या, एकानेही थांबवलं नाही. राज्याबरोबर २०२३ मध्ये झालेल्या समझोत्याप्रमाणे इथल्या शहर पोलिसांना नुसत्या बंद दिव्यासारख्या कारणावरून गाडी अडवता येत नाही. पण फाल्कन हाइट्समध्ये तो नियम लागू नाही, डुलुथच्या वाटेवरही नाही. आम्हाला नियमाने सोडलं की आमच्या तोंडांनी, मला सांगता येणार नाही.

गॅरेजवाल्याने होल्डर काढता काढता आणखी एक गोष्ट सांगितली. फिलँडोच्या मृत्यूनंतर इथे 'लाइट्स ऑन' नावाची योजना निघाली. दिवा बंद दिसला की पोलीस दंडाच्या पावतीऐवजी दुरुस्तीचं कूपन देतो, गॅरेजमध्ये दिवा फुकट बसतो. अण्णांनी मला तीनदा विचारून खात्री करून घेतली. "म्हंजी पोलीसच दिवा बसवून देतोय?" मग खिशातली डायरी काढून त्यात लिहून घेतलं.

आम्हाला कूपन नव्हतं, पैसे देऊन मोकळे झालो. त्याच दिवशी बातमी आली. केंद्राच्या न्याय विभागाने मिनियापोलिस पोलिसांच्या सुधारणेसाठी शहराबरोबर केलेला करार आता स्वतःच मागे घ्यायला मागितला होता, आणि न्यायाधीशांनी तो खटला निकाली काढला. राज्याचा समझोता तेवढा राहिला. गॅरेजवाला बातमी वाचून "हं" म्हणाला आणि बल्ब फिरवून बसवला.

अण्णा गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले, दोन पाय फाकवून, नाकाबंदीला उभे राहायचे तसे.

"जावईबापू, दाबा ब्रेक."

नवऱ्याने दाबला.

"सोडा. परत दाबा." मग हात हलवून, "लागल्यात दोन्ही."